पेन्रिनचा वाडा आणि फाटकाबाहेरचा मनुष्य



सुंदर वस्तू पाहून मनुष्याचे मन उल्हसित व्हावे ह्यात नवल नाही, आणि पापही नाही. परंतु ती वस्तू ज्या पैशाने उभी राहिली तो पैसा दुसऱ्यांच्या अश्रूंनी भिजलेला आहे असे जर आपणांस ठाऊक असेल, तर त्या उल्हासाचे काय करावे? हा प्रश्न विद्वानांनी वादसभेत चघळावा, खेड्यापाड्यांतील आपणांसारख्या लोकांचे त्यावाचून काही अडत नाही, असे मला पुष्कळ दिवस वाटत असे. गेल्या उन्हाळ्यातील एका शनिवारच्या सहलीने माझी ही समजूत घालवली.

वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेस लागून असलेला लहानसा डोंगराळ देश आहे. तेथील भाषा इंग्रजीहून अगदी निराळी, आणि लोकांनी ती मोठ्या निष्ठेने जतन केली आहे. त्या देशाच्या उत्तर भागात नबो, कर्मेल, बेथेल अशी गावांची नावे ऐकून मी पहिल्या दिवशी चकित झालो. चौकशी करता कळले की, दगडाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांनी आधी प्रार्थनामंदिर बांधले, मग त्याच्या आसपास घरे उठली, आणि मंदिराचे जे नाव तेच गावाचे नाव होऊन बसले. बेथेस्दा हे त्यांपैकीच एक गाव. तेथील मंदिर १८२० साली उभे राहिले, आणि जेथे रोगी माणसे पाणी हालण्याची वाट पाहत पडून राहत, त्या यरुशलेमेतील तळ्याचे नाव गरीब खाणकऱ्यांनी त्याला दिले. हे गाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल.

बेथेस्दापासून सुमारे पाच मैलांवर, समुद्राच्या काठी, बँगोर नावाचे शहर आहे. तेथे एका सद्गृहस्थांच्या घरी माझा मुक्काम होता. त्यांचे घराणे मूळचे बेथेस्दाचे. घरात त्यांचे वृद्ध चुलते असत. वय ऐंशीच्या पुढे, अंग सडपातळ, बोलणे थोडे. मुले त्यांना 'ताइद' म्हणत. त्यांच्या भाषेत ह्याचा अर्थ आजोबा, आणि मीही दोन दिवसांत तेच म्हणू लागलो. शनिवारी हवा स्वच्छ निघाली, तेव्हा यजमानीणबाई म्हणाल्या की, पाहुण्यांना पेन्रिनचा वाडा व तेथील बागा दाखवून आणू. पाव, चीज आणि चहाने भरलेला थर्मास बरोबर घेतला. ताइदही मोटारीत येऊन बसले.

वाड्याचे फाटक आले तसे ते खाली उतरले, रस्त्याच्या कडेच्या बाकड्यावर बसले, आणि म्हणाले, "तुम्ही सावकाश पाहून या. मी येथे आहे." त्यांचे पाय दुखत असतील असे समजून मी हात पुढे केला. यजमानीणबाईंनी मला हळूच डोळ्यांनी खुणावले, आणि आम्ही पुढे निघालो. बऱ्याच अंतरावर गेल्यावर त्या म्हणाल्या, "ते आत येत नाहीत. त्यांचे वडील कधी आले नाहीत, आजोबाही आले नाहीत."

आता वाड्याविषयी. वाडा हा शब्द मी सोयीसाठी वापरतो. पाहणाऱ्यास तो किल्लाच वाटतो. बुरूज, कमानी, जाड भिंती, सर्व काही आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या नॉर्मन राजांच्या धाटणीचे. पण हे म्हातारपण उसने आहे. टॉमस हॉपर नामक शिल्पशास्त्रज्ञाने जॉर्ज हे डॉकिन्स-पेनंट ह्या धनिकासाठी १८२० च्या सुमारास हे काम आरंभिले, आणि ते पुढच्या दशकात पुरे झाले. युद्धाची भीती नसताना किल्ला बांधण्याचे प्रयोजन काय असावे, असा विचार मनात येतो. पण दिवाणखान्यात पाऊल टाकताच तो विचार मागे पडतो. काय त्या कमानींची उंची, आणि काय त्या खिडक्यांच्या रंगीत काचा! त्या थंड प्रदेशात दालन उबदार राहावे म्हणून फरशीखालून गरम हवा खेळविण्याची योजना त्या काळीच केली होती. दगडी जिना पुरा होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. त्याच्या कमानींवर व खांबांवर इतकी नक्षी आहे, आणि त्या नक्षीतून इतके विचित्र चेहरे डोकावतात, की दोन पायऱ्या चढावे व पुन्हा थांबावे असे होते. मी तेथे पुष्कळ वेळ उभा राहिलो. कोरणाऱ्याचे नाव कोठे दिसते काय म्हणून शोधले. मला दिसले नाही.

वरच्या मजल्यावर एक पलंग आहे. तो लाकडाचा नव्हे, पाटीच्या दगडाचा आहे. ज्या काळ्यानिळ्या दगडाच्या पाटीवर आपल्यापैकी कित्येकांनी पहिले अक्षर गिरविले, तोच हा दगड. पलंगाचे वजन सुमारे एक टन भरते. १८५९ साली व्हिक्टोरिया राणी येथे आल्या तेव्हा त्यांच्यासाठी तो सिद्ध केला होता. परंतु त्यांस तो थडग्यासारखा वाटला व त्यांनी त्यावर निजण्यास नकार दिला, असे सांगतात. राणीचे मन मला त्या गोष्टीत समजले.

मग आम्ही बागेत उतरलो. भिंतींनी वेढलेली ही बाग उताराला तीन टप्प्यांत बसविली आहे. वरच्या टप्प्यावर आखीव वाफे व पाण्याची लहान कुंडे, मधल्यावर दूरदेशची झाडेझुडपे, आणि तळाशी दलदलीची जागा, जिच्यात माणूस लपेल एवढाल्या पानांची झाडे वाढतात. फ्यूशिया नावाचे एक फूल आहे. त्याचे लाल-जांभळे लोलक कानातल्या डुलांसारखे खाली लोंबतात. त्या वेली कमानींवर चढविल्या आहेत, आणि त्यांखालून चालताना डोक्यावर जणू झुंबरे हालत आहेत असे वाटते. एका बाजूस समुद्राची खाडी चकाकत होती, दुसऱ्या बाजूस उंच डोंगर निळे दिसत होते. वॉल्टर स्पीड ह्या माळ्याने येथे सुमारे साठ वर्षे सेवा केली आणि त्याची कीर्ती सबंध ब्रिटनमध्ये झाली. माझ्या मनात आले, येथे बसून प्रार्थना करणे किती सोपे आहे.

बागेपासून जवळच एका जुन्या प्रार्थनामंदिराचे भग्नावशेष आहेत. मला वाटले, काळाने पडले असेल. परंतु यजमानांनी सांगितले की, हे मंदिर पूर्वी वाड्याला लागून होते. नवा किल्ला बांधताना ते तेथून काढून, दुरून शोभेचा देखावा दिसावा म्हणून, येथे मोडक्या रूपातच आणून उभे केले. मी पाळक असल्यामुळे हे मला जरा लागले. पण ह्याहून मोठ्या गोष्टी सांगावयाच्या आहेत म्हणून येथे थांबत नाही.

ह्या वाड्याला दोन झरे मिळत होते. एक साखरेचा, एक पाटीच्या दगडाचा.

साखर जमैका बेटातील. पेनंट घराण्याचे तेथे उसाचे मळे होते, आणि मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले लोक व त्यांची लेकरे गुलाम म्हणून राबत. रिचर्ड पेनंट हा लिव्हरपूलच्या वतीने पार्लमेंटात बसे. गुलामांचा व्यापार बंद करावा असे म्हणणाऱ्यांस त्याने तेथे कसून विरोध केला. मळ्यांचा कारभार तो विलायतेत बसून पत्रांनी चालवी. एका पत्रात तो आपल्या कारभाऱ्यास बजावतो की, गुरे आणि गुलाम ह्यांच्याकडून ताकदीबाहेर काम घेऊ नये. वाचकहो, हे वाक्य क्रूर मनुष्याचे नाही. ते दयाळू धन्याचे आहे, आणि म्हणूनच ते अधिक भयंकर वाटते. कारण गोठा आणि माणसांची वस्ती ह्यांचा विचार एकाच श्वासात केल्याचे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेले नाही.

१८०७ साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, आणि १८३३ साली गुलामगिरीच मोडण्याचा कायदा केला. त्या वेळी सरकारने नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले. कोणास दिले? गुलामांस नव्हे, मालकांस. किल्ला बांधणाऱ्या डॉकिन्स-पेनंट ह्यास जमैकातील ७६४ माणसांबद्दल १४,६८३ पौंड मिळाले. त्या ७६४ जणांस एक कवडीही मिळाली नाही. उलट १८३८ पर्यंत 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना त्याच धन्यांसाठी राबावे लागले. ही रक्कम उभारण्यास सरकारने जे कर्ज काढले, त्याची शेवटची फेड २०१५ साली झाली. म्हणजे त्या दिवशी फाटकाबाहेर बसलेल्या ताइदांनीही आपल्या आयुष्यातील करांतून मालकांच्या भरपाईचा काही वाटा भरला होता!

दुसरा झरा डोंगरातला. रिचर्ड पेनंट ह्यानेच १७८० नंतर बेथेस्दाजवळची पाटीदगडाची खाण मोठ्या प्रमाणावर चालू केली, रस्ते काढले, बंदर बांधले, १८०१ साली खाणीपासून बंदरापर्यंत घोड्यांनी ओढण्याच्या गाड्यांसाठी लोहमार्ग घातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जगातील सर्वांत मोठी पाटीखाण होती, व तीत तीन हजारांच्या जवळपास माणसे काम करीत. येथील पाट्या देशोदेशींच्या घरांच्या छपरांवर चढल्या. पाट्यांच्या आकारांस 'लेडी', 'काउंटेस', 'डचेस' अशी उमरावांच्या स्त्रियांची नावे आहेत. खाणकरी दिवसभर छिन्नीने डचेस व काउंटेस सोलीत बसे, आणि सायंकाळी स्वतःच्या घरी जाऊन बटाटे सोलीत असे, अशी थट्टा यजमानांनी मला ऐकविली.

खाणीतील कामाची रीत आपल्याकडील मक्त्यासारखी होती. तीनचार जणांची टोळी कड्याचा सहा यार्ड रुंदीचा तुकडा महिन्याकरिता घेई, आणि दर महिन्याला कारभारी येऊन दगड पाहून भाव ठरवी. दगड चांगला लागला तर चार पैसे सुटत. वाईट लागला तर ते नशीब. ह्या रीतीत मनुष्याला आपण कोणाचे चाकर नसून आपल्या हुन्नराचे धनी आहो असे थोडेसे वाटे, आणि हेच त्यांना पगारापेक्षा प्रिय होते. धूळ छातीत जाऊन पुष्कळ जण मरत. तेव्हाचे खाणीचे डॉक्टर म्हणत की, दोष धुळीचा नाही, फार वेळ उकळलेल्या चहाचा आहे. धुळीच्या रोगाची भरपाई मिळण्याचा कायदा १९७९ साली झाला. तोवर पुष्कळांची मुलेसुद्धा म्हातारी झाली होती.

ह्या लोकांनी १८७४ साली आपला संघ स्थापिला. मालक उमरावाने संघाशी बोलणे करण्यास साफ नाकारले. जो काही तंटा झाला तो सांगत बसलो तर ह्या अंकात दुसऱ्या कोणास जागा उरणार नाही. सारांश, मक्त्याची रीत मोडून ठेकेदार आणण्यावरून व संघाच्या हक्कावरून वितुष्ट वाढत गेले, आणि २२ नोव्हेंबर १९०० रोजी सुमारे २,८०० माणसे हत्यारे उचलून खाणीतून घरी निघून गेली. ती तीन वर्षे परतली नाहीत. बेथेस्दाची गायकमंडळे इंग्लंडभर फिरून गाणी गात व भुकेल्या मुलांसाठी पैसे जमवीत. जून १९०१ मध्ये सुमारे ४०० जण कामावर गेले. त्यांस मालकाने एकेक सोन्याचे नाणे दिले. तेव्हा उरलेल्यांनी आपापल्या खिडकीत छापील पाटी लावली, आणि तिच्यावर मजकूर असा होता की, ह्या घरात विश्वासघातकी कोणी नाही. नोव्हेंबर १९०३ मध्ये संप मोडला. मालकाने काहीएक मान्य केले नव्हते. कित्येक घराणी दक्षिणेकडील कोळशाच्या खाणींकडे निघून गेली ती गेलीच.

वाडा १९५१ साली उमरावाच्या घराण्याकडून नॅशनल ट्रस्टकडे आला, व आता पैसे देऊन कोणीही आत जाऊ शकतो. दालनांतून ह्या सर्व इतिहासाची माहितीही देतात, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणास शोभते. २०२१ साली युनेस्कोने पाटीदगडाच्या ह्या साऱ्या प्रदेशास जागतिक वारशाचा मान दिला. खाणीवरून २०१३ पासून लोक तारेला लटकून हौसेने उडत जातात. काळ कोणत्या वस्तूचे काय करील ह्याचा नेम नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सर्व मी फ्यूशियाच्या कमानीखाली बसून ऐकले, आणि ऐकता ऐकता बाग कुरूप झाली नाही. ती तशीच सुंदर राहिली, आणि हीच माझी अडचण होती. आपल्याला वाटते की, अन्याय कळला की त्याची वस्तू आपोआप नकोशी होईल. तसे होत नाही.

कोणी म्हणेल, दगडाला पाप लागत नाही. फुलाला मालक ठाऊक नसतो. पाहावे आणि यावे, चौकशी कशास? ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. वॉल्टर स्पीडने लावलेल्या वेलीत त्याचे कष्ट व प्रेम आहे, आणि ते जमैकाच्या साखरेने खोटे ठरत नाही. पण हा युक्तिवाद ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांच्या तोंडी फार लवकर येतो, म्हणून मी त्यास जपून असतो. दुसरा कोणी म्हणेल, अशा ठिकाणी पाऊलच ठेवू नये. हेही मला सरळ पटत नाही. जिना उमरावाने कोरला नाही. ज्याने कोरला त्याचे नाव मला सापडले नाही, आणि मीही आत गेलो नसतो तर ते शोधणारा एक मनुष्य कमी झाला असता. शिवाय असा नियम धरला तर जगातील किती इमारतींकडे आपण पाठ फिरवणार? वेठ म्हणजे काय हे आमच्या वाचकांस समजावून सांगावे लागत नाही.

येथे एक भेद केला पाहिजे. १७९१ च्या सुमारास ब्रिटनमधील हजारो कुटुंबांनी गुलामांच्या कष्टाची साखर खाणे सोडून दिले, आणि ह्यात घरोघरच्या बायका पुढे होत्या. त्या वेळी अन्याय चालू होता. साखरेचा प्रत्येक शेर मळ्याला नवे बळ देत होता. अशा वेळी नकार देणे हे कर्तव्यच. जो अन्याय आज आपल्या खरेदीवर जगत आहे, त्याच्या वस्तूचा आनंद घेणे ह्याला माझ्यापाशी सबब नाही, मग ती वस्तू बाग असो, कापड असो, की वीटभट्टीवरची वीट असो. परंतु पेन्रिनचा उमराव आज कोणास राबवीत नाही. मी फाटकाबाहेर बसलो असतो तर कोणाचे ओझे हलके झाले असते? कोणाचेही नाही. मला मात्र मी फार नीतिमान आहे असे वाटले असते, आणि त्यासाठी मला एक पैही मोजावी लागली नसती. माझ्या घराण्याचे त्या उमरावाने काही बिघडविले नव्हते. माझे बाहेर बसणे म्हणजे उसना राग होय.

ताइदांचे बाहेर बसणे मात्र उसने नव्हते. तो नकार त्यांच्या आजोबांनी तीन वर्षांच्या उपासाने विकत घेतला होता. दावीद राजाची गोष्ट आपण सर्व जाणतो. बेथलेहेमाच्या विहिरीचे पाणी प्यावे असे त्याने सहज म्हटले, आणि तिघा वीरांनी शत्रूच्या छावणीतून जीव धोक्यात घालून ते आणले. तेव्हा ते माणसांच्या रक्ताच्या मोलाचे आहे असे पाहून त्याने ते न पिता प्रभूपुढे ओतून टाकले. पुष्कळ वर्षे मी ह्या गोष्टीवर उपदेश करीत आलो. पण त्या बागेत मला प्रथम कळले की, ओतण्याचा अधिकार ज्याच्या हाती पाणी आणून दिले त्याचा असतो. पेन्रिनचा धनी ओतू शकला असता. त्याने ओतले नाही, प्यायला. दोनशे वर्षांनी रिकामे भांडे पाहावयास आलेल्या माझ्यासारख्याने काय ओतावे? ज्याच्यावर अन्याय झाला त्याला पाठ फिरविण्याचा हक्क आहे. जो परका आहे त्याने आत जावे, सर्व पाहावे, आणि हिशोबाची वही मिटवू नये, असे मला वाटते. त्याला आनंद होईल तर होवो. फक्त तो आनंद निष्पाप आहे असे त्याने समजू नये.

तथापि ह्या निर्णयातही एक काटा राहतो. बेथेस्दाच्या लोकांना निदान खिडक्या होत्या. त्यांत पाटी लावता आली. फाटकाबाहेर बसण्यास त्यांचे नातू आहेत, आणि त्यांचा नकार सारे जग पाहते. जमैकाच्या ७६४ जणांस खिडकी नव्हती. त्यांची पणतवंडे ह्या फाटकाशी राहत नाहीत. खाणकऱ्यांचे दुःख त्या देशात शंभर वर्षे आठवणीत राहिले; साखरेचे दुःख त्याच देशात फार काळ कोणी काढले नाही. खुद्द बेथेस्दाच्या चहात साखर होतीच की! खाण आणि बंदर साखरेच्या पैशावर उभे राहिले, आणि त्याच खाणीत मजुरांच्या चुली पेटल्या. पिळला गेलेला मनुष्यही दुसऱ्या कोणाच्या पिळवणुकीवर नकळत जेवत असतो. हे मी यजमानांस बोलून दाखविले. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, "हे आम्हांला शाळेत शिकविले नाही."

तिसऱ्या प्रहरी आम्ही फाटकाशी परत आलो. ताइद तसेच बसले होते. थर्मासातला चहा आम्ही चौघांनी घेतला. मी धीर करून विचारले की, आपण कधीच आत गेला नाहीत, ह्याचे वाईट वाटते काय. मला वाटले होते, ते उमरावाविषयी बोलतील.

ते म्हणाले, "वाड्यावरचा राग मला जड नाही. तो मी सहज वाहतो. माझ्या आजोबांना एक धाकटा भाऊ होता. तो त्या चारशेंपैकी होता. त्याचे मूल आजारी होते, आणि घरात काही नव्हते. तो जूनमध्ये कामावर गेला. माझ्या आजोबांनी खिडकीत पाटी लावली. भावाचे घर समोरच होते. ते दोघे पुन्हा बोलले नाहीत. मंडळीही वेगळी केली. मी लहानपणी त्या धाकट्या आजोबांना रस्त्यात पाहत असे, आणि मला शिकविले होते त्याप्रमाणे मान फिरवीत असे. एकदा त्यांनी मला पेपरमिंट देऊ केले. मी घेतले नाही."

"तेव्हा आपले वय काय होते?" मी विचारले.

"सहा."

मी काय बोलणार? नकाराविषयी मी बागेत एवढा विचार केला होता, आणि बलवानाला दिलेला नकार व समोरच्या घरातल्या दुबळ्याला दिलेला नकार एकाच पाटीवर लिहिलेले असतात, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. उमरावाला त्या पाटीची झळ लागली नाही. झळ लागली ती ज्याचे मूल आजारी होते त्याला. म्हणून ती पाटी लावणारे चुकले असे मी म्हणू शकत नाही. उपाशी राहून शब्द पाळणाऱ्या कुटुंबांपुढे उभे राहून तसे म्हणण्याची माझी योग्यता नाही. पण त्या मुलाचे काय झाले हे मी विचारले नाही, आणि ताइदांनीही सांगितले नाही.

यजमानीणबाईंनी पेले पुसून टोपलीत ठेवले. उन्हे कलली होती, आणि डोंगरांचा निळा रंग दाट झाला होता. मोटारीत बसता बसता ताइदांनी मला विचारले, "बाग कशी आहे?"

खोटे बोलणे मला जमले नसते. मी म्हटले, "फार सुंदर आहे."

"होय," ते म्हणाले, "सगळे तसेच सांगतात." मग त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की, घरी नको, आज बेथेस्दाच्या रस्त्याने जाऊ, कबरस्थानात थोडे काम आहे.